फेस आला की आधी थर्मामीटर, मग रेग्युलेटर

नमस्कार मंडळी. विषय मिनी केगचा, म्हणजे बिअर किंवा सोडा भरून तोटीने ओतायच्या छोट्या पिंपाचा आहे, पण आधी एक गोष्ट क्लिअर करतो म्हणजे नंतर गोंधळ नको. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि हौसेखातर बनवणाऱ्याला त्यात वेगळी सूट नाही. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला लायसन्स लागत नाही, अमेरिकेत फेडरल कायदा १९७८ साली बदलला. मी नोकरीनिमित्त लीड्सला होतो तेव्हा तिथे बनवायचो, त्यामुळे बिअरचं जे काही सांगेन ते तिथलं समजा. इथे नाशकात तोच स्टीलचा केग मी आलं-लिंबू सोड्याला वापरतो. तुमच्यातले काहीजण मायक्रोब्रुअरीत कामाला आहेत, काहींची मुलं बाहेर आहेत आणि फोनवर विचारतात की बाबा फेसच येतोय काय करू, तर त्या सगळ्यांना हे उपयोगी पडेल, कारण गॅस लीड्सला वागतो तसाच सातपूरलाही वागतो.

मिनी केग दोन प्रकारचे. एक पत्र्याचा, ५ लिटरचा, वर रबरी बूच आणि खाली प्लॅस्टिकची तोटी, जर्मनीत पार्टीला सर्रास दिसतो. दुसरा स्टीलचा, २ लिटरपासून १० लिटरपर्यंत मिळतो, वर झाकण, त्यात रेग्युलेटर (गॅसचं प्रेशर कमीजास्त करणारा), कार्ट्रिज (सीओटू गॅसची छोटी नळकांडी) आणि तोटी बसते. पत्र्याचा केग आतून कोटिंग केलेला असतो, ते कोटिंग एकदा खरवडलं की गंज धरतो आणि बिअरला लोखंडाची चव येते, म्हणून आत तारेची घासणी कधीच घालायची नाही. आणि तो जास्त प्रेशर सोसत नाही, आधी वरखालचे पत्रे फुगतात. फुगलेला दिसला तर थंड करा, बूच हळूहळू ढिलं करून गॅस सोडा, तोंड लांब ठेवा.

आता साखर, जी खाऊन यीस्ट केगमध्ये गॅस करतं. बाटलीत भरताना लोक लिटरला ६ ते ८ ग्रॅम घालतात आणि तोच हिशोब केगला लावतात, इथेच पहिली गडबड होते. पत्र्याच्या ५ लिटरच्या केगला २० ग्रॅम साखर पुष्कळ झाली, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम. एवढ्या साखरेतून यीस्ट साधारण एक व्हॉल्यूम गॅस करतं, म्हणजे एका लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस मुरला असं धरा, आणि २० डिग्रीला आंबवलेल्या बिअरमध्ये आधीचा पाऊण-एक व्हॉल्यूम असतोच. इंग्लिश एलला, म्हणजे तिथल्या कमी गॅसच्या बिअरला, तेवढं छान लागतं. ५ लिटरच्याच स्टीलच्या केगला २५ ते ३० ग्रॅम चालते. साखर थोड्या पाण्यात उकळून गार करून घाला, कोरडी टाकली की भरतानाच फेस उसळतो आणि सगळं ओट्यावर येतं.

एक युक्ती सांगतो ती लिहूनच घ्या. केग भरताना त्याच साखर घातलेल्या बिअरची एक प्लॅस्टिकची सोड्याची बाटली पण भरायची, पूर्ण धुतलेली, आणि केगच्या शेजारीच ठेवायची. केगच्या आत काय चाललंय ते दिसत नाही पण बाटली दाबून कळतं. पहिल्या दोन दिवसांत बोट सहज आत जातं, मग हळूहळू कडक होत जाते, आणि दगडासारखी लागली की केग फ्रिजमध्ये टाकायचा. आठवडा झाला तरी मऊच आहे म्हणजे खोली गार आहे. लीड्सला डिसेंबरमध्ये हे हमखास व्हायचं, हीटर रात्री बंद, किचन १२-१३ डिग्री, एलचं यीस्ट झोपलेलं, आणि लोक म्हणायचे केग लीक आहे. केग लीक वगैरे काही नसायचा, २० डिग्रीच्या खोलीत हलवला की दोन आठवड्यांत काम व्हायचं. घाईघाईत फ्रिजमध्ये टाकलेला केग सपक लागणारच, थंडीत यीस्ट गॅस करत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, फेस. तोटी उघडली आणि ग्लासभर नुसता फेस आला की माणसाचा हात आपोआप रेग्युलेटरकडे जातो आणि तो प्रेशर कमी करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तसं करू नका, आधी थर्मामीटर घ्या. थंड बिअरमध्ये गॅस जास्त मुरतो, गरम बिअरमध्ये कमी. ४ डिग्रीला अडीच व्हॉल्यूम धरून ठेवायला ११-१२ पीएसआय (रेग्युलेटरवरचं प्रेशरचं माप) पुरतं, तीच बिअर २० डिग्रीला नेली की तेवढ्याच गॅसला २८-३० पीएसआय लागतं. आता केग कोमट आहे आणि तुम्ही प्रेशर ५ वर आणलं, तर बिअरमधला गॅस बाहेर यायलाच बसलेला असतो, तो नळीतच सुटतो, आणि फेस आणखी वाढतो. मग माणूस अजून कमी करतो, अजून फेस, शेवटी केग सपक होतो आणि दोष कंपनीला. एका संध्याकाळपुरतं प्रेशर उतरवून ओतायचं असेल तर चालतं, पण बिअर आधी थंडगार हवी आणि रात्री प्रेशर परत पूर्ववत करायचं.

थर्मामीटर कुठे लावायचा? फ्रिजच्या हवेत नाही. पहिला ग्लास ओता आणि त्यात बुडवा, मग दुसरा ओता आणि त्यातही बुडवा. पहिला फेसाळ आणि दुसरा ठीक असेल तर केगमध्ये काही नाही, तुमची तोटी आणि नळी बाहेरच्या हवेने गरम झालीय, ती पण फ्रिजमध्ये ठेवा. सगळे ग्लास फेसाळ आणि बिअर ८-१० डिग्रीला असेल तर अजून एक दिवस थांबा. सगळे ग्लास फेसाळ पण बिअर ३-४ डिग्रीला आहे, तर मात्र गॅस खरंच जास्त झालाय, तेव्हा व्हॉल्व्हने थोडा थोडा सोडा, मधे काही तास जाऊ द्या. आणि नळी पारदर्शक असेल तर नीट बघा, केगमधून निघतानाच बुडबुड्यांची माळ दिसली तर आतल्या नळीच्या वरच्या टोकाची ओ-रिंग (रबराची गोल रिंग) गेलीय, तिथून वरचा गॅस बिअरमध्ये शिरतो. चार आण्याची रिंग, पण तेवढ्यासाठी लोक अख्खा केग बदलतात.

नळीची लांबीपण बघा. ५ मिलिमीटरच्या आसपासची बारीक नळी दीड-दोन मीटर असेल तर तीच बिअरचा वेग मारते. मिनी केगवर थेट तोटी असते, नळीच नसते, मग फ्लो कंट्रोलवाली, म्हणजे धार कमीजास्त करता येणारी तोटी घ्या, हा खर्च वाया जात नाही.

नाशिकचं एक. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत, इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे कुठल्या तापमानाला किती प्रेशर ठेवायचं त्या परदेशी चार्टमध्ये लिहिलेल्या प्रेशरमध्ये १ पीएसआय मिळवा. फार मोठा फरक नाही, पण सोडा थोडा मवाळ का लागतो याचं उत्तर कधीकधी हेच असतं. खरा धोका उन्हाळा आहे. ४ डिग्रीला ११ पीएसआय दाखवणारा भरलेला केग मे महिन्यात ४० डिग्रीच्या गाडीत डिकीत राहिला की आतलं प्रेशर ५० च्या घरात जातं. मळ्यावर पार्टी आहे म्हणून सकाळीच केग गाडीत टाकून ठेवायचा आणि दुपारी काढायचा, हे अजिबात करू नका. बर्फाच्या बॉक्समधून न्या, सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का ते आधी रिंग ओढून बघा, पत्र्याचा केग तर नेऊच नका.

मघाशी मागून ताईंनी विचारलं की सोड्यालापण साखर-यीस्टच घालायचं का. नाही ताई. सोड्यात साखर आधीच भरपूर असते, यीस्ट घातलं तर ते सगळीच खायला बसतं, गॅस थांबत नाही आणि अल्कोहोलही होतं. तुम्ही आल्याचा काढा उकळा, गार करा, लिंबू-साखर घाला, केग ४ डिग्रीपर्यंत थंड करा आणि मग गॅस द्या. सोड्याला साडेतीन-चार व्हॉल्यूम लागतात, ४ डिग्रीला २५ ते ३० पीएसआयवर दोन-तीन दिवस. केगची मर्यादा त्याच्यावर छापलेली असते ती आधी वाचा. आणि हे कार्ट्रिजवर करायचा विचार करू नका. ५ लिटर सोड्यात साडेतीन व्हॉल्यूम म्हणजे ३४ ग्रॅम गॅस, १६ ग्रॅमची दोन कार्ट्रिज घातली तरी पुरत नाही. कार्ट्रिज ओतण्यापुरतं, एकात ५ लिटर जेमतेम निघतं. भरायला खाण्याच्या ग्रेडचा सीओटूचा छोटा सिलिंडर आणि रेग्युलेटर घ्या. सायकलच्या टायरची कार्ट्रिज स्वस्त मिळतात पण काहींत तेलाचा अंश असतो, आणि क्रीम फेटायची जी ८ ग्रॅमची येतात त्यात सीओटू नसतोच, नायट्रस ऑक्साइड असतो.

एका रात्रीत कार्ट्रिज रिकामं झालं की साबणाचं पाणी काढा. झाकणाची कड, रेग्युलेटरचा जोड, कार्ट्रिजचा आटा, तिन्ही ठिकाणी ब्रशने लावा आणि दोन मिनिटं बघत बसा, बारीक लीक लगेच दिसत नाही. रबराला व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं, खाण्याच्या ग्रेडचं सिलिकॉन ग्रीस लावा. कार्ट्रिज फिरवताना रुमाल धरा, गॅस सुटला की धातू इतका गार होतो की कातडी चिकटते.

धुवायचं म्हणाल तर स्टीलला ब्लीचिंगचं पाणी नको, क्लोरिनने बारीक खड्डे पडतात. सोडियम परकार्बोनेट गरम पाण्यात, अर्धा तास, मग दोनदा खळखळून धुवा. तोटी मात्र दरवेळी पूर्ण उघडायची, आत जो चिकट थर बसतो त्यानेच फेसही येतो आणि आंबट वासही. ओ-रिंग बदलायची असेल तर जुनी सोबत घेऊन जा, अंदाजाने आणलेली बसत नाही, आणि एकदम चार-पाच आणून ठेवा, कारण ती नेमकी पाहुणे आलेले असतानाच तुटते.

आता हा केग उघडतो, ज्यांना आतली नळी बघायचीय त्यांनी पुढे या.