कोखर आणि याक्स्ट : धाकट्या नद्यांचा मुलूख

मित्रहो, जर्मनीतल्या नद्या म्हटलं की ऱ्हाइन, डॅन्यूब, एल्ब ही नावं आपल्याला आठवतात. आज मी मुद्दाम धाकट्या नद्यांबद्दल बोलणार आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात होहेनलोहे नावाचा शेतकऱ्यांचा मुलूख आहे. तिथून कोखर आणि याक्स्ट या दोन नद्या वाहतात. दोघींचे उगम जवळजवळ, लांबी दोनशे किलोमीटरच्या आत. सख्ख्या बहिणींसारख्या त्या शेजारून वळणं घेत जातात आणि बाड फ्रीडरिश्सहाल या एकाच गावाच्या हद्दीत नेकार नदीला मिळतात.

वर चुनखडीचं सपाट पठार आणि त्यावर शेती. नद्यांनी ते पठार खोल कापलंय. दरीच्या तळाशी जागा थोडी. तेवढ्यातच नदी, रस्ता, गिरणी, चर्च आणि घरं. नदी आणि माणूस यांच्यात मोकळं अंतरच राहत नाही. हे अंतर नसणं, तिथलं सगळं सुखदुःख मला त्यातच दिसतं.

सुख पाहायचं तर कोखरकाठच्या श्वेबिश हालला जावं. नदीच्या अगदी लगत खाऱ्या पाण्याचा झरा निघाला आणि त्यावर गाव मोठं झालं. ख्रिस्तपूर्व काळातल्या केल्ट लोकांनीही इथे मीठ काढल्याच्या खुणा सापडल्या आहेत. खारं पाणी आटवायला लाकूड लागतं, आणि ढीगच्या ढीग लागतं. ते वरच्या अंगाच्या जंगलांतून ओंडक्यांच्या रूपात कोखरच्याच पाण्यावरून वाहत यायचं. म्हणजे झरा गावात, सरपण नदीवर! मिठागर १९२४ साली बंद झालं. पण मीठ उकळणाऱ्या त्या कामगारांचा उत्सव आजही दर पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या ख्रिस्ती सणाला, होतो. सेंट मायकेल चर्चसमोरच्या पायऱ्यांवर १९२५ पासून उन्हाळ्यात नाटकं होतात. मिठाने उभं केलेलं हे गाव मीठ संपल्यावरही ताठ उभं आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता दुःखाकडे येतो. ऑगस्ट २०१५ मध्ये याक्स्टकाठी, किर्शबर्गजवळच्या लोबेनहाउझेन इथे एका गिरणीला आग लागली. तिथे खत साठवलेलं होतं. आग विझवण्याच्या पाण्याबरोबर ते नदीत गेलं. खतातल्या अमोनियमपासून अमोनिया तयार होतो, आणि पाणी जितकं कोमट व अल्कधर्मी, तितका जास्त. उन्हाळ्यात उतरलेली, चुनखडीतून येणारी, बंधाऱ्यांनी संथ झालेली नदी! विषारी पाणी हळूहळू खाली सरकत राहिलं आणि कित्येक किलोमीटरपर्यंत मासे मरून वर आले. ऱ्हाइनसारख्या नदीत तेवढंच खत कदाचित विरून गेलं असतं. याक्स्टकडे विरवायला पाणीच नव्हतं.

पुढच्याच वर्षी, २९ मे २०१६ ला, पाळी कोखरच्या खोऱ्याची आली. ब्राउन्सबाख गाव कोखरच्या काठी आहे, पण घात केला तो गावातून जाणाऱ्या ओरलाखर नावाच्या नाल्याने. पठारावर प्रचंड पाऊस झाला. अरुंद घळीतून पाणी दगडधोंडे आणि झाडं घेऊन सुटलं, आणि घरांसमोर दगडांचे ढीग लागले. मोटारी वाहून गेल्या. गावात जीवितहानी झाली नाही, हे थोर नशीब.

या गावाच्या जवळच कोखरच्या दरीवरून जाणारा महामार्गाचा पूल आहे, तळापासून १८५ मीटर उंच. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात, आणि खाली नदी आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. धाकट्या नद्यांकडे असंच वरून पाहिलं जातं. त्यांच्या नावाने कुणी मोठी योजना आखत नाही, आणि नाल्यांना तर बरेचदा जमिनीखालच्या नळातच कोंबतात. माझं स्पष्ट म्हणणं आहे की पैसा आणि लक्ष आधी इथे द्यायला हवं. मोठ्या नदीचा पूर कळायला एक-दोन दिवस तरी हाती असतात. ओरलाखरसारख्या नाल्याने तासाभराचीही सवड दिली नाही. म्हणून दगड अडवणारे बांध, नाल्याला रुंद पात्र आणि नदीकाठी खतांचे साठे नकोत, एवढी तयारी पाऊस पडण्याआधीच झालेली असायला हवी.