टाकीतला पाइप

(दृश्य: मागचं सीट उचललेलं, पंपाचं झाकण सुटतं.)

सीटखालचं हे गोल झाकण काढलं की आख्खं मॉड्यूल, म्हणजे पेट्रोलच्या टाकीतला पंपाचा संच, वर येतं. खाली जाळी, मधे मोटर, आणि मोटरपासून झाकणापर्यंत जाणारा हा एवढासा पाइप. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या, बऱ्याच पेट्रोल गाड्यांत साधारण ३ बार दाबाचं पेट्रोल या तुकड्यातून पुढे जातं. मोटर बदलताना मात्र याच्याकडे कुणी बघत नाही. गॅरेजमधल्या रोलमधून हात येईल तेवढा कापून लावतात.

(दृश्य: टेबलावर दोन तुकडे, कापलेली टोकं जवळून.)

कापलेलं टोक नीट बघा. डावीकडचा पाइप इंजिनजवळ वापरायचा. आतला पातळ थर फ्लोरोरबरचा, त्याला पेट्रोल काही करत नाही. त्यावर दोऱ्याची वीण. बाहेरचं रबर मात्र हवा आणि इंजिनची धग सोसण्यासाठी बनवलेलं, पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नव्हे. टाकीत घातला की पेट्रोल बाहेरून लागतंच, शिवाय कापलेल्या टोकातून विणीत शिरतं. रबर फुगतं, मऊ पडतं, त्याचे पापुद्रे सुटून जाळीवर बसतात. पाइपावर छापलेला दाब आतून झेलायचा असतो. बुडण्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

उजवीकडच्या पाइपाला आतून फ्लोरोरबर आणि बाहेरूनही. अंगावर छापलेला पाइपाचा मानक क्रमांक वाचा: एसएई ३०आर१०. डावीकडच्यावर ३०आर९. किमतीत कितीतरी पटींचा फरक, म्हणून दुकानात आर९ पुढे केला जातो. ‘इंजेक्शनचाच आहे’ असं सांगतात, आणि ते खरंही असतं. पण तो टाकीबाहेरचा. आर७ तर कमी दाबाचा, कार्ब्युरेटरच्या काळातला. त्याचं इथे काहीच काम नाही. त्यात आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि साध्या नायट्राइल रबराला ते आणखी फुगवतं.

(दृश्य: दोन क्लिपा, एक आवळली जातेय.)

पाइपाचं टोक धरून ठेवणाऱ्या, स्क्रूने आवळायच्या जुबिली क्लिपच्या पट्टीला खाचा असतात. आवळताना रबर त्यांत घुसतं आणि कापलं जातं. इंजेक्शनची क्लिप सपाट पट्टीची, कडा बाहेर वळलेल्या. तीच लावायची.

लांबी जुन्या पाइपाएवढी. बरीच मॉड्यूलं टाकीत स्प्रिंगवर दबून बसतात. पाइप आखूड असेल तर ताणतो, लांब असेल तर मुडपतो आणि वाटच बंद होते. कंपनीचा वळ्यावळ्यांचा नायलॉन पाइप असेल, तर शक्यतो तसाच मिळवावा.

चुकीचा पाइप आत फाटला तर बाहेर थेंबही दिसत नाही. गाडी चढावर ओढत नाही आणि दोष नव्या मोटरवर जातो.

(दृश्य: प्रेशर गेज.)

झाकणाखाली नवी रबरी रिंग घालून मोटर चालवली. काटा ३ वर. मोटर बंद केल्यावर तो लगेच खाली आला, तर दाब राखणारा रेग्युलेटर बदलायच्या आधी झाकण उघडून क्लिपा तपासा.