रोकडा धर्म

(काळोख. टाळांचा ठेका आणि गजर: 'गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला'. हळूहळू जुना कृष्णधवल फोटो उजळतो.)

8 नोव्हेंबर 1956. मुंबईतलं वांद्रे पोलीस ठाणं. समोर गर्दी बसली आहे आणि उभा आहे एक ऐंशी वर्षांचा माणूस. अंगावर चिंध्यांचं ठिगळ लावलेलं वस्त्र. अक्षरओळख नाही. जवळ खराटा आणि फुटकं गाडगं. त्या गाडग्यात भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचं आणि ऊन लागलं तर तेच डोक्यावर उपडं घालायचं.

गाडगेबाबांचं हे कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकता येतो. विषय काय? कर्ज, दारू, पोरांची शाळा, देवापुढे कापलं जाणारं बकरं. एकही विषय हसण्याजोगा नाही. पण बाबांची तऱ्हाच वेगळी. ते सांगत नाहीत, विचारतात. वऱ्हाडी बोलीत, समोरच्याला 'बापहो' म्हणून. गर्दीने उत्तर दिलं की त्याच उत्तराला धरून पुढचा प्रश्न. पाच-सहा प्रश्नांत माणूस आपल्याच बोलण्यात अडकतो आणि आपल्यालाच हसतो.

या माणसाला घर नव्हतं. दोन जोड धड कपडे नव्हते. तरुण मुलगा गेला होता. अंग थकलं होतं, आणि या कीर्तनानंतर बरोबर सहा आठवड्यांनी ते वारले. तरी तो आवाज कष्टी माणसाचा वाटत नाही. हे समाधान आलं कुठून, आणि पन्नास वर्षं टिकलं कसं?

(अमरावती जिल्हा. काळी जमीन, तुरीची शेतं, बैलगाडीची वाट.)

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट समाजाच्या घरात. बापाला दारूने खाल्लं. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी. आजोळी डेबू गुरं राखायला लागला. पुढे नांगर धरला आणि पट्टीचा शेतकरी झाला.

घरात कष्टाला तोटा नव्हता, वाचता मात्र कोणालाच येत नव्हतं. मामाने सावकाराकडून कर्ज घेतलं. कागदावर काय लिहिलंय हे सावकारालाच ठाऊक. जमीन गेली, त्या धक्क्याने मामाही गेला. पुढे आयुष्यभर हा माणूस लोकांना दोन गोष्टी सांगत राहिला: कर्ज काढू नका, आणि पोराला शाळेत घाला. त्याचं मूळ कुठल्या ग्रंथात नाही, दापुऱ्याच्या शेतात आहे.

लग्न झालं, पत्नी कुंताबाई. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीत दारू आणि मटणाचं जेवण घालायची रीत होती. डेबूजीने गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद चिडले. त्याने रीत मोडली ती मोडलीच.

(पूर्णा नदी. पौषातली जत्रा, काठावर ओली धुणी, नारळाच्या करवंट्या, चिखल.)

पूर्णेच्या काठचं ऋणमोचन. पौष महिन्यातल्या रविवारी इथे जत्रा भरते. इथे डुबकी मारली की माणूस ऋणातून सुटतो, अशी श्रद्धा. डेबूजीही इथे यायचा. कर्जापायी मामाची जमीन आणि जीव गेलेला पाहिलेला हा माणूस. नदीत बुडी मारून सावकाराच्या वहीतला आकडा पुसला जात नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आता इथे दोन वाटा होत्या. देव खोटा म्हणून घरी बसायचं, किंवा सगळ्यांबरोबर डुबकी मारून गप्प राहायचं. डेबूजीने तिसरंच केलं. काठावर चिखल होता, म्हातारी माणसं घसरून पडायची. त्याने काठ साफ करायला घेतला, येणाऱ्याजाणाऱ्यांना हात दिला. पुढे, 1908 साली, तिथे लोकवर्गणीतून आणि श्रमातून घाट उभा राहिला.

माझ्या मते गाडगेबाबांची सगळी श्रद्धा या घाटावर दिसते. त्यांनी देव नाकारला नाही. ओठावर गोपाला शेवटपर्यंत होता. देवासाठी करायचं ते माणसाच्या पायाखाली करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. पंढरपूरच्या वारीत ते दरवर्षी असत. लोक विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत, आणि बाबा खराटा घेऊन चंद्रभागेच्या वाळवंटात.

1 फेब्रुवारी 1905. डेबूजीने घर सोडलं. वय 28. मागे आई, बायको, मुलं. या निर्णयाकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण त्याची किंमत एकट्या डेबूजीने मोजलेली नाही.

(गावाची वेस. खराट्याचा आवाज. कॅमेरा जमिनीलगत.)

बाबांचा एक दिवस पाहू.

सकाळी एक चिंध्या नेसलेला माणूस गावात शिरतो. एका पायात एक वहाण, दुसऱ्यात भलतीच. कोणी वेडा समजतं, पोरं मागे लागतात. तो कोणाशी बोलत नाही. वेशीपासून झाडायला लागतो. शेणकूट, पालापाचोळा, गटारातला गाळ. कोणाच्या दारात भाकरी मागितली तर आधी विचारतो, काही काम आहे का? लाकडं फोडून देतो, मग भाकरी घेतो. फुकटचं खात नाही. दुपारपर्यंत गावाला कुतूहल वाटायला लागतं. संध्याकाळी कळतं, आज रात्री कीर्तन आहे, आणि बुवा म्हणजे सकाळचा तो झाडूवाला.

मग रात्री तोच माणूस हजारोंना ताब्यात घेतो. देवाला नैवेद्य दाखवता ना? हो. कुत्रं आलं तर काठी घेऊन कोण हाकलतं? आम्ही. म्हणजे ज्याला स्वतःच्या ताटावरचं कुत्रं हाकलता येत नाही, तो तुमचं काय राखणार? लोक हसतात. मग बाबा एकदम वळतात: ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शाळेत घाला.

कीर्तन संपता संपता गजर सुरू व्हायचा, लोक डोळे मिटून टाळ्या वाजवत असायचे, आणि डोळे उघडून पाहावं तर बाबा पसार. पाया पडू देणं त्यांना खपत नसे. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, हे त्यांचं ठाम सांगणं. बुवाबाजीचा धंदा जवळून पाहिलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट किती दुर्मिळ आहे ते वेगळं सांगायला नको.

(कोकण. खारेपाटण. पावसाळी आभाळ.)

1923. कोकणात खारेपाटणला कीर्तन रंगात आलेलं. एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी येते. बाबा क्षणभर थांबतात, आणि म्हणतात: 'असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी.' कीर्तन पुढे सुरू राहतं.

ही गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, बहुतेक वेळा वैराग्याचा नमुना म्हणून. मला ती तशी सरळ गिळवत नाही. मुलगा कुंताबाईंचाही गेला होता. त्यांच्यासमोर टाळ नव्हते, गर्दी नव्हती, दुःख मावेल असं मोठं काम नव्हतं. बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, पण त्यातली एक खोलीसुद्धा घरच्यांना मिळू दिली नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. संस्थेचा पैसा हा लोकांचा पैसा, त्यावर नातेवाइकाचा हात पडता कामा नये, हा दंडक. आज एखाद्या ट्रस्टच्या कारभारात असा दंडक दिसला तर आपण हात जोडू. तरीही त्या झोपडीतून हे सगळं कसं दिसत असेल, याची नोंद कोणी फारशी ठेवलेली नाही. बाबांच्या समाधानाबद्दल बोलताना हा कोपरा झाकून ठेवला तर आपण फक्त आरती ओवाळू.

(पंढरपूर. चोखोबांची समाधी, महाद्वारासमोर. मग जुन्या धर्मशाळेची कमान.)

धर्मशाळांकडे वळू. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक: वारकऱ्यांची गर्दी जिथे, तिथे बाबांनी छप्पर उभं केलं. पंढरपूरला तर खास कारण होतं. चोखोबांची समाधी मंदिराच्या दाराशी, आणि त्यांच्या वाटेने येणारे अस्पृश्य वारकरीही दाराबाहेरच. मंदिर त्यांना उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. पायी चालून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी, भांडंभर पाणी हवं. देवळाचा वाद चालत राहील, तोवर बाईमाणसाने पोर घेऊन उघड्यावर का झोपावं?

ही इमारत 1949 साली बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणासाठी. शाळा न पाहिलेला कीर्तनकार आणि परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर, दोघांचा एकमेकांवर जीव. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या मागेही बाबा असेच उभे राहिले. कऱ्हाडला 1954 साली रयतचं महाविद्यालय निघालं, त्याला नाव दिलं सद्‌गुरू गाडगे महाराजांचं. गुरू व्हायला नाही म्हणणाऱ्या माणसाला शेवटी महाविद्यालयानेच गुरू केलं!

या सगळ्यात एक पद्धत दिसते. बांधायचं, चालतं करायचं, विश्वस्तांच्या ताब्यात द्यायचं आणि खराटा उचलून पुढच्या गावाला. लाखो रुपये उभे केले, पण आपल्या नावावर काही ठेवलं नाही. हातातून जाण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून ते जाण्याची भीतीही उरली नाही. सुखाचे धडे देणाऱ्या शिबिरांना आज भरपूर पैसे मोजावे लागतात. त्यांत हा धडा क्वचितच असतो, आणि असला तरी घरी जाऊन तो कोण करतो!

(पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं.)

बाबांचा दशसूत्री संदेश तुम्ही एखाद्या शाळेच्या भिंतीवर वाचला असेल. भुकेलेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, गरीब मुलामुलींच्या शिक्षणाला मदत, बेघराला आसरा, अंध-पंगू-रोग्याला औषधोपचार, बेकाराला रोजगार, मुक्या जनावराला अभय, गरीब तरुण-तरुणींचं लग्न. आणि दहावं: दुःखी व निराशांना हिंमत. खाली शिक्का मारावा तसं वाक्य: हाच आजचा रोकडा धर्म.

यादीत मोक्ष नाही, पुण्य नाही, पुढचा जन्म नाही. सगळं या जन्मी द्यायचं, उधारी नाही. आणि हिंमत शेवटी आहे. आधी अन्न, पाणी, कपडा, औषध, काम, मग हिंमत. रिकाम्या पोटाच्या माणसाला 'आनंदी राहा' म्हणणं बाबांना जमलं नसतं. बाबांनी कधी कोणाला सुखी व्हायला सांगितलं नाही, कामाला लावलं.

(मुंबई, दादर. सकाळ. फायलींच्या पिशव्या घेतलेली माणसं टॅक्सीची वाट बघतात.)

बाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाने दादरलाही धर्मशाळा झाली. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी लांबून आलेली माणसं इथे उतरतात. मुंबईत नात्याचं कोणी नाही, लॉजचं भाडं परवडत नाही, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात, अशांची ही जागा. उद्या रिपोर्ट काय येईल याची धास्ती प्रत्येकाला आहे, पण रात्री पाठ कुठे टेकायची हा प्रश्न तेवढा सुटलेला आहे. यातल्या कित्येकांना गाडगेबाबा म्हणजे भिंतीवरचा एक फोटो, याहून जास्त माहीत नसेल. बाबांना त्याचं काही वाटलं नसतं.

(पेढी नदीवरचा पूल. वाहनांची वर्दळ.)

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी प्राण सोडला. घर नसलेल्या माणसाला मरणही वाटेतच आलं. बातमी पसरली तशी अमरावतीला माणसांची रीघ लागली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज अंत्यविधीला होते.

माझी मूर्ती करू नका, समाधी बांधू नका, देऊळ तर नकोच, असं बाबा सांगून गेले होते. अमरावतीत समाधी झाली. त्या भागाला गाडगेनगर नाव पडलं. गावोगावी पुतळे झाले, खराट्यासकट. विद्यापीठाला नाव दिलं. 2000 साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, आणि मग मात्र गावंच्या गावं खराटे घेऊन बाहेर पडली. बाबांची ना मोडून आपण केलेल्या इतक्या गोष्टींत ही एक त्यांना चालली असती. बक्षिसाची रक्कम किती, हे मात्र त्यांनी पहिल्याच कीर्तनात विचारलं असतं, आणि मग गावाची काही धडगत नव्हती.