काचेवरचे पोटभाडेकरू

(दृश्य : अंधारी खोली. टॉर्चचा झोत दोन फुटी टाकीवर.)

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. टाकीचा दिवा मालवून दोन तास झाले, मासे झाडांच्या आडोशाला निवांत. दिवसा काचेवर चार-पाच गोगलगायी होत्या. आता मोजायला घेतल्या तर हिशोब चुकतो.

जरा जवळून बघा. काचेला चिकटून सरकणारा तो मऊ, फिकट पट्टा म्हणजे तिचा पाय. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण इथे शब्दशः दिसते. शास्त्रातही या वर्गाचं नाव उदरपाद असंच आहे.

यांना मुद्दाम कुणी आणलं नाही. आणली होती वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची जुडी. पानामागे जेलीचा एक थेंब होता, भिजल्या साबुदाण्यासारखा. त्यात बारीक अंडी. आठवडा-दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर.

(दृश्य : एका शंखाचा क्लोजअप.)

ही ब्लॅडर स्नेल. मूळची उत्तर अमेरिकेतली. पण १८०५ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते फ्रान्सच्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून. म्हणजे तेव्हाच ती समुद्र ओलांडून बसली होती.

शंखाचं वळणही मजेशीर. देव्हाऱ्यातल्या शंखासारखं टोक खाली करून धरलं, तर तोंड उजवीकडे येतं. दक्षिणावर्ती! ज्या वळणासाठी लोक भलती रक्कम मोजतात, ते इथे हरभऱ्याएवढ्या आकारात फुकट फिरतंय. एकच शिल्लक राहिली म्हणून निश्चिंत होऊ नका. प्रत्येकीत नर-मादी दोन्ही असतात, जोडीदार नाही मिळाला तरी एकटी वंश चालवते.

चकलीसारखी चपटी दिसते ती रॅम्सहॉर्न. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. अंगाला काळा रंग नसला की ती लालसर दिसते, आणि मग तीच दुकानात पैसे घेऊन विकतात.

तिसरी, वाळूत लपणारी टोकदार ट्रम्पेट स्नेल. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही बहुतेक वेळा नराशिवाय. त्यामुळे काचेवरची अंडी खरवडून हिचं काहीच बिघडत नाही. एरवी ती वाळू हलती ठेवते, मला तरी ती नकोशी वाटत नाही. मात्र भरदिवसा सगळ्या काचेवर चढल्या, तर आधी पाणी तपासा, ऑक्सिजन कमी पडला असेल.

(दृश्य : सकाळ. टाकीत पडणारे दाणे.)

आता मुद्द्याचं. दाणा उरला की गोगलगाय वाढली. इतकं साधं आहे, म्हणूनच कुणाला पटत नाही. सकाळी आजोबा चिमूटभर टाकतात. दुपारी शाळेतून आलेली नात टाकते. रात्री ‘बिचारे उपाशी दिसतात’ म्हणून आणखी कुणीतरी. माशांचं पोट केव्हाच भरलेलं असतं, उरलेलं वाळूत जातं. तिथे जेवायला कोण बसलंय ते काल रात्री पाहिलंत.

घरात एकानेच दाणे टाकायचे. दोन मिनिटांत संपतील एवढेच. आठवड्यातून एक दिवस उपास. धडधाकट मोठ्या माशांना त्याने काही होत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ करू नका.

(दृश्य : स्टीलची वाटी, काकडीची चकती.)

शिवाय रात्री ही वाटी तळाशी ठेवायची, त्यात काकडीची चकती. सकाळी लवकर गोगलगायींसकट बाहेर, नाहीतर काकडी सडून पाणी बिघडेल. काचेवरच्या काही तिथेच बोटाने चिरडल्या तरी चालतं, मासे धावत येतात.

औषधाची बाटली मात्र जपून. गोगलगाय मारणाऱ्या पुष्कळ औषधांत तांबं असतं, ते टाकीतल्या कोळंबीलाही मारतं. आणि एका रात्रीत मेलेल्या शंभर गोगलगायी वाळूत सडल्या, की अमोनिया वाढून मासेच जातात.

दुकानदार लोच मासा सुचवेल. खातो तो, आवडीने. पण पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच हा आपल्या कृष्णा खोऱ्यातला, सह्याद्रीच्या नद्यांमधला, आणि आज संकटग्रस्त. तो घोळक्याने राहणारा. चार गोगलगायींपायी त्याला दोन फुटी टाकीत कोंडायचं? असॅसिन स्नेल परवडली. ती गोगलगायच गोगलगायींना खाते, झाडांना हात लावत नाही.

पकडलेल्या गोगलगायी फ्रीझरमध्ये ठेवून मगच कचऱ्यात टाका. नाल्यात, तळ्यात, नदीत नाही. आणि नवीन झाड आणलं की थेट टाकीत न लावता दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, पानं उलटून रोज बघा.

(दृश्य : पुन्हा रात्र. टॉर्च.)

दीड महिना झाला. दाण्यांचा डबा आता वरच्या फळीवर असतो, नातीचा हात पोचत नाही, आजोबांनाही विचारावं लागतं. वाटीतल्या काकडीवर आज तिघीच आहेत. चौथी काचेवरून निघालीय, सावकाश.