कान लहान दिसले, तर अस्वल मोठं

[दृश्य: संध्याकाळ. स्प्रूसचं दाट जंगल. झाडाला बांधलेलं मचाण. डासांची गुणगुण.]

सप्टेंबरचा पहिला आठवडा. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं मेन राज्य. मचाणावर एक माणूस तीन तास हलला नाहीये. डासांनी फोडून काढलंय, पण हात उचलायची सोय नाही. समोर पंचवीस-तीस पावलांवर एक लोखंडी पिंप साखळीनं झाडाला जखडलंय आणि त्यात शिळे डोनट भरलेत. होय, डोनट. मेनमध्ये शिकारीसाठी अमेरिकन काळ्या अस्वलाला बोलवायची ही नेहमीची रीत आहे. ती बंद करावी म्हणून २००४ आणि २०१४ साली राज्यात मतदान झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी 'बंदी नको' म्हटलं.

उजेड कमी होतो. काडी मोडल्याचा आवाज नाही, पाचोळा वाजल्याचा नाही. मघाशी जिथं नुसती सावली होती, तिथं आता अस्वल उभं आहे.

आणि त्या क्षणी ते बैलाएवढं दिसतं.

[दृश्य: तेच अस्वल, दुर्बिणीतून. चित्र थरथरतंय.]

तिकडच्या शिकाऱ्यांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, ग्राउंड श्रिंकेज. मचाणावरून दोनशे किलोचं वाटलेलं अस्वल, गोळी सुटल्यावर जवळ जाऊन बघावं तर साठ-सत्तर किलोचं पोरगं निघतं. जमिनीला टेकलं की अस्वल आटतं! हसत हसत सांगतात, पण त्या हसण्यात थोडी शरम असते. परत उभं करता येत नाही ना.

चूक होते कशी? हरणाच्या जातीतल्या नराला शिंगं असतात, फाटे मोजता येतात. अस्वलाच्या अंगावर मोजण्यासारखं काहीच नाही. काळे, लांब, दाट केस. संधिप्रकाशात त्या काळ्या रंगाला कडाच उरत नाहीत, मग उरलेलं अस्वल आपलं मन भरून काढतं. छातीत धडधड असेल तर मन हात सैल सोडून भरतं. त्यात हा प्राणीच असा की एक पूर्ण वाढलेली मादी ५० किलोची असू शकते आणि एक नर २५० किलोचा. १९९८ साली नॉर्थ कॅरोलायनात मारलेला एक नर ३९९ किलो भरला होता. जात तीच.

मग बघायचं कुठं?

[दृश्य: दोन अस्वलांची डोकी शेजारी शेजारी. डावीकडे दीड वर्षाचं, उजवीकडे म्हातारा नर.]

कानांकडे.

पिल्लाचे कान लवकर वाढून बसतात. डोकं मात्र मागून सावकाश, वर्षानुवर्षं वाढत राहतं. म्हणजे निसर्गानंच अस्वलाच्या डोक्यावर एक मोजपट्टी लावून ठेवली आहे. पट्टी तेवढीच राहते, खालचं डोकं बदलतं. डावीकडचं बघा. कान उभे, जवळजवळ, डोक्याच्या अगदी माथ्यावर, गाढवाच्या शिंगरासारखे. चेहऱ्यावर बाकी काही दिसायच्या आधी कानच दिसतात. आता उजवीकडचं. तेवढेच कान, पण ते डोक्याच्या बाजूंना घरंगळल्यासारखे, एकमेकांपासून लांब, बटणं शिवल्यासारखे. दोन कानांच्या मध्ये नुसतं कपाळच कपाळ.

थोडं जवळ जाऊया. या कपाळाच्या मधोमध, भांग पाडावा तशी एक खाच दिसतेय. जबडा मिटणारे स्नायू कवटीच्या माथ्यापर्यंत चढत जातात. नर पिकत जातो तसे हे दोन्हीकडचे स्नायू फुगतात आणि मध्ये ही घळ पडते. दुर्बिणीतून हा भांग दिसला की जुना शिकारी बाकीचं बघायच्या भानगडीत फारसा पडत नाही. नाकाजवळ जुने व्रण असतील, एखादा कान फाटलेला असेल, तर तो मे ते जुलैच्या माजाच्या दिवसांतला हिशोब. असे हिशोब कोवळ्या नरांच्या तोंडावर सहसा नसतात.

मुस्कटही सांगतं, पण फसवून. तरुण अस्वलाचं तोंड कुत्र्यासारखं लांब, निमुळतं वाटतं. म्हाताऱ्याचं आखूड. खरं तर आखूड झालेलं नसतं, मागचं डोकं रुंदावल्यामुळे तसं भासतं.

[दृश्य: अस्वल बाजूनं चालताना. पोटाखालून पलीकडचं गवत दिसतंय.]

अंगाचं म्हणाल तर पोटाखालचा उजेड बघायचा. लांब पायांवर उभं, पोटाखालून पलीकडचं सगळं दिसतंय, तर ते पोर आहे. पोट गवताला टेकतंय आणि पाय अर्धेच आहेत असं वाटतंय, तर थांबून नीट बघा. फक्त एक गोम आहे. हिवाळ्याच्या झोपेआधी अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं. वसंतात गुहेतून बाहेर येतं तेव्हा तेच जनावर शेलाटं, उंच, कपडे सैल झालेल्या माणसासारखं दिसतं. पोट ऋतूप्रमाणे बोलतं. कान बारा महिने एकच सांगतात.

आणि हे पिंप? ते फक्त डोनटसाठी नाही. दोनशे लिटरचं उभं पिंप जेमतेम तीन फूट उंच असतं. चार पायांवर उभ्या अस्वलाची पाठ पिंपाच्या काठाला आली, तर जनावर खरंच मोठं. पिंपाच्या मधल्या कड्यापाशीच राहिली, तर मघाचा तो बैल आपल्या डोळ्यांतच होता.

पण सगळीकडे पिंप नसतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आमिष लावून शिकार करता येत नाही. तिथं व्हँकूव्हर बेटाच्या किनाऱ्यावर, वसंतातलं कोवळं गवत खायला उतरलेलं अस्वल लांबून दुर्बिणीतच बघावं लागतं. आजूबाजूला दगड आणि ओंडके, त्यांचं माप कुणाला ठाऊक? मग चालण्याकडे बघतात. लहान अस्वल चार पावलं टाकतं, थांबतं, हवा हुंगतं, मागं बघतं, उगाच पळतं. मोठा नर पाटलासारखा येतो. खांदे डुलवत, कुणाची परवानगी नाही, कसली घाई नाही. आणि मेनसारख्या ठिकाणी आमिषावर निवांत खाणारं अस्वल एकदम खाणं सोडून झाडावर चढलं, तर शिकारी त्याच्याकडे बघत नाही. ते ज्या दिशेला बघतंय तिकडे बघतो.

चिखलात ठसा सापडला तर एक जुना आडाखा आहे. पुढच्या पंजाच्या तळव्याची रुंदी इंचांत मोजायची आणि त्यात एक मिळवायचा. जो आकडा येईल तितक्या फुटांचं कातडं. चार इंचांचा तळवा, पाच फुटी अस्वल. ओल्या मातीत ठसा पसरतो, तेवढी सूट धरायची.

[दृश्य: पाइनच्या खोडावर, उंच फांदीत, दोन लहान कान.]

आता खरी जोखीम. समोरचं अस्वल मोठं आहे का, यापेक्षा मोठा प्रश्न असतो की ती मादी आहे का.

पिल्लं जानेवारीच्या सुमाराला गुहेत जन्मतात, तेव्हा ती अर्ध्या किलोचीही नसतात. पुढे साधारण दीड वर्ष ती आईला सोडत नाहीत. आणि शहाणी आई काय करते? पिल्लांना मागं झाडावर चढवते आणि आमिषाकडे एकटी येते. मचाणावरून दिसतं ते एक एकटं, मध्यम अस्वल. ब्रिटिश कोलंबियासारख्या अनेक ठिकाणी पिल्लं सोबत असलेल्या अस्वलाला मारणं गुन्हा आहे. पण पिल्लं दिसलीच नाहीत तर? म्हणून जाणती माणसं सांगतात, थांबा. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मादीचा चेहरा अरुंद, कान जरा जवळ, मागची बाजू जड. आणखी एक खूण आहे, ऐकायला कसंसंच वाटेल, पण खात्रीची आहे. मादीची लघवी मागे पडते, नराची पुढे.

पश्चिमेकडे वेगळाच घोळ आहे. काळं अस्वल तिथं दालचिनीच्या रंगाचंही असतं, सोनेरीही असतं. लांबून ते ग्रिझली, म्हणजे तिकडचं तपकिरी अस्वल, वाटतं आणि ग्रिझली ते वाटतं. मोंटानात काळ्या अस्वलाचा परवाना हवा असेल तर दोघांमधला फरक ओळखायची परीक्षा आधी द्यावी लागते. ग्रिझलीच्या खांद्यावरचा उंचवटा, खोलगट चेहरा, लांब नखं. रंग बघून उत्तर दिलंत तर नापास.

इथं एक सांगून ठेवतो. 'काळं अस्वल' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट, ताडोबातलं अस्वल येतं. ते वेगळं. मोहाची फुलं आणि वाळवी खाणारं, लांब ओठांचं. १९७२ च्या कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण आहे. त्याचा अंदाज घ्यायची वेळ आली, तर तो मागं फिरण्यासाठीच.

[दृश्य: जुनं काळं-पांढरं व्यंगचित्र. दोरीनं बांधलेलं अस्वल, पाठमोरा माणूस हात पुढे करून उभा.]

अस्वल लहान-मोठं होण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट १९०२ च्या नोव्हेंबरातली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. त्यांचा वाटाड्या होल्ट कॉलियर, एकेकाळी गुलामगिरीत जन्मलेला, त्या दलदलीतला नामी शिकारी. कुत्र्यांनी कोंडलेल्या अस्वलाला त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं हाणलं आणि झाडाला बांधून ठेवलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमननं त्यावर व्यंगचित्र काढलं. बांधलेलं अस्वल पूर्ण वाढलेलं होतं, पण बेरीमनच्या पुढच्या चित्रांत ते लहान, गोंडस होत गेलं आणि शेवटी 'टेडी बेअर' म्हणून जगभरच्या पाळण्यांत जाऊन बसलं. त्या टेडीचे कान बघा कधीतरी. आपल्या पट्टीनं मोजलं तर ते पोरच. खऱ्या अस्वलाचं पुढे काय झालं ते कमी सांगितलं जातं. ते घायाळ होतं, त्याला सुरीनं मारून टाकायला रूझवेल्टांनीच सांगितलं.

याच रूझवेल्टांच्या पुढाकारानं १८८७ साली शिकाऱ्यांचा बून अँड क्रॉकेट क्लब निघाला होता. मोठं अस्वल कुठलं, हा वाद आजही त्या क्लबच्या मापानं मिटवतात. वजन नाही, कारण ते ऋतूबरोबर बदलतं. कातडं नाही, कारण ते ताणता येतं. फक्त कवटी. साफ करून ६० दिवस वाळवायची आणि लांबी व रुंदीची बेरीज इंचांत करायची. २१ भरली तर कायमच्या नोंदवहीत नाव. पहिल्या क्रमांकाची कवटी २३ आणि १० सोळांश इंचांची. ती १९७५ साली युटा राज्यात सापडली. सापडली म्हणजे पडलेली मिळाली. एवढ्या मोठ्या अस्वलावर नेम धरल्याचं श्रेय कुणाच्याच नावावर नाही.

[दृश्य: चिमट्यात धरलेला बारका दात. मग सूक्ष्मदर्शकाखाली गडद-फिकट रेघा.]

हे सगळं झालं आकाराचं. वय मात्र वेगळं प्रकरण आहे.

आपल्याकडे बैलबाजारात गडी बैलाचा ओठ वर करतो आणि एका नजरेत सांगतो, आदत, दुसा, चौसा. अस्वलाचा ओठ वर करणार कोण? म्हणून अनेक राज्यांतली वन्यजीव खाती मारलेल्या अस्वलाचा एक दात मागून घेतात. सुळ्यामागची, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी उपदाढ. तिच्या मुळाचा कागदाहून पातळ काप काढून रंगवला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. प्रत्येक हिवाळ्याची एक गडद रेघ. मादीच्या दातात आणखी एक गोष्ट दिसते, आणि मला ती या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी वाटते. ज्या वर्षी तिनं पिल्लं वाढवली, त्या वर्षीचं वलय अरुंद असतं. दुधात गेलेलं दातात कमी पडतं.

[दृश्य: मिनेसोटा. उन्हाळ्यातलं जंगल.]

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९८१ च्या जुलैत सात वर्षांच्या एका मादीच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ-पट्टा घातला. तिचा नंबर ५६. १९९५ पर्यंत तिनं आठ वेतांत २२ पिल्लं दिली आणि त्यातली २१ दीड वर्षाची करून जंगलात सोडली. शेवटचं वेत पंचविसाव्या वर्षी. मग ऐकू कमी यायला लागलं, नजर गेली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ती जंगलात मेलेली सापडली. गोळी नाही, गाडीची धडक नाही, फक्त म्हातारपण. वय साडेएकोणचाळीस. जंगली काळ्या अस्वलाचं एवढं वय त्याआधी कधी नोंदलं गेलं नव्हतं.

पट्टा घातल्यापासून शिकारीच्या बत्तीस हंगामांतून ती गेली. मादी कितीही म्हातारी झाली तरी मोठ्या नराच्या मापाची होत नाही. तिच्या कपाळावर तो भांग पडत नाही. मचाणावरून बघणाऱ्याला ती तीसची काय आणि सहाची काय, एक मध्यम अस्वलच.

तिथलं खातं दर हंगामाला शिकाऱ्यांना विनवतं, अभ्यासातली अस्वलं मारू नका. ती ओळखायची कशी? रंगीत बिल्ला बघा, तो कानात असतो.