टोबर म्हणजे विहीर

नमस्कार मंडळी! आज आयर्लंडला जाऊया, पण डब्लिनला नाही हां, आपल्याला गायींच्या कुरणात जायचंय, चिखलात. तिथं पवित्र विहिरी आहेत आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत, देशभरात मिळून साधारण 3000 धरतात. आता विहीर म्हटल्यावर रहाट, कठडा, पोहरा असं काही डोळ्यासमोर आणू नका, तिथली होली वेल म्हणजे बहुतेक वेळा नुसता झरा, भोवती चार दगड रचलेले, वर एखादं हॉथॉर्नचं काटेरी झाड. गवत वाढलेलं असलं तर शेजारून जाल आणि कळणारही नाही.

मग शोधायची कशी? आधी नावं बघायची. आयरिशमध्ये विहिरीला टोबर म्हणतात, त्यामुळं नकाशावर टोबर, टबर असं काही दिसलं की थांबायचं. मेयो काउंटीमधलं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातलं, बॅलिनटबर म्हणजे तर सरळ विहिरीचं गावच. ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणी खात्याचे, 19 व्या शतकातले नकाशे पण कामाला येतात. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे 1937 ते 1939 मध्ये तिथल्या फोकलोर कमिशननं, म्हणजे लोककथा गोळा करणाऱ्या संस्थेनं, प्राथमिक शाळेतल्या पोरांनाच कामाला लावलं, की घरी जा, म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोष्टी विचारा आणि वहीत लिहून आणा. ते सगळं आता ऑनलाइन वाचता येतं, आणि वाचायला बसलात तर संध्याकाळ गेलीच समजा!

त्यातल्या गोष्टी काय एकेक! या विहिरीचं पाणी कितीही जाळ घाला, उकळतच नाही. कुणीतरी तिथं कपडे धुतले, विहीर रुसली आणि रातोरात दुसऱ्या शेतात निघून गेली. पाण्यात मासा दिसला तर तुमचं मागणं पूर्ण झालंच समजा. काही विहिरी फक्त डोळ्यांच्या, काही दातदुखीच्या, आणि केरीमध्ये एक आख्खं वेड्यांचं खोरं आहे, ग्लॅन ना न्यॅल्ट, तिथलं पाणी पिऊन डोकं ठिकाणावर येतं म्हणे.

लोक यात्रेला येतात आणि विहिरीभोवती फेऱ्या मारतात त्या सूर्याच्या दिशेनं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारख्याच उजवीकडून, आणि मोजायला खडे ठेवतात. डॉनेगलच्या डून वेलला तर बूट काढून जायचा रिवाज आहे. 1704 च्या कायद्यानं या यात्रांवर बंदी घातली होती, 10 शिलिंग दंड, नाही भरला तर चाबकाचे फटके, तरी लोक जातच राहिले.

एकच बघायची असेल तर क्लेअरमधली लिस्कॅनरची सेंट ब्रिजिडची विहीर बघा. क्लिफ्स ऑफ मोहर या समुद्रकड्यांकडे जाणाऱ्या टूरिस्ट बसेस तिच्या शेजारून जातात आणि बहुतेक कुणी उतरत नाही. पाण्याकडे जाणारी छोटी ओलसर वाट आहे, तिच्या भिंतींना जपमाळा, मूर्ती, गेलेल्या माणसांचे फोटो, पत्रं, दमटपणानं शाई फुटलेली. तिथं आपोआप आवाज खाली येतो.

आणि हो, विहिरीजवळच्या झाडाला चिंधी बांधतात, चिंधी कुजत जाईल तसं दुखणं कमी होतं अशी समजूत. आता लोक नायलॉनच्या रिबिनी बांधतात. ते दुखणं कधी जायचं, देव जाणे!