फळाची वेळ आणि मसाल्याची वेळ

नमस्कार. मसाल्यात शिजवलेली फळं फसतात तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं. पिकलेलं फळ 10-20 मिनिटांत शिजतं, पण दालचिनीच्या सालीचा स्वाद पाण्यात पुरता उतरायला अर्धा तास तरी लागतो. दोन्ही एकदम पातेल्यात टाकली की एक तर फळाचा लगदा होतो, नाहीतर मसाला नावापुरता उरतो. या दोन वेळांची सांगड कशी घालायची, एवढंच आज बघायचं आहे.

आधी फळ. फळाच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या पेक्टिनमुळे. पाणी 80-85 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की हे पेक्टिन सुटायला लागतं आणि फोड मऊ पडते. आंबट रस आणि साखर ही क्रिया मंद करतात. याचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. फोडी अखंड हव्या असतील तर साखर आणि लिंबू सुरुवातीपासून घाला. सफरचंदाचा गर हवा असेल तर फोडी आधी थोड्या पाण्यात शिजवा, साखर शेवटी घाला. उलट केलंत तर गरात कच्च्या गुठळ्या राहतात आणि कितीही ढवळलं तरी त्या मोडत नाहीत.

साखर किती, यावर मात्र जपून. 1 लिटर पाण्याला 250 ग्रॅम हे प्रमाण मला सर्वात भरवशाचं वाटतं. पाक फार दाट असला की तो फळातलंच पाणी ओढून घेतो, फोडी आकसतात आणि चिवट होतात. गार खाणार असाल तर 2 चमचे साखर जास्त घाला, कारण थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो.

आता 4 मध्यम नाशपाती घेऊ. पिकलेल्या पण घट्ट, म्हणजे देठाजवळ अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबणाऱ्या. स्टीलच्या पातेल्यात 1 लिटर पाणी, 250 ग्रॅम साखर, दालचिनीचा 5 सेंटिमीटरचा तुकडा, 3 लवंगा, आल्याच्या 4 चकत्या आणि लिंबाच्या सालीची एक पट्टी घाला. सालीचा फक्त पिवळा भाग घ्या, पांढरा कडू असतो. झाकण ठेवून हे सगळं मंद आचेवर 20-25 मिनिटं उकळू द्या. यात फळ अजून पडलेलं नाही, हे लक्षात ठेवा. मसाल्याला त्याचा बराचसा वेळ आपण आधीच देऊन टाकला, उरलेला त्याला फळासोबत मिळेल.

मग अर्ध्या लिंबाचा रस पिळा. नाशपाती सोलून, अर्ध्या करून, गाभा काढून लगेच पाकात सोडा. उघड्या राहिल्या तर काळ्या पडतात. फळ पाण्यावर तरंगतं आणि वरची बाजू कच्ची राहते, म्हणून वर एक लहान ताटली उपडी ठेवा. आच इतकी कमी हवी की तळातून एखाददुसरा बुडबुडा यावा. खळखळ उकळी आली की फोडी एकमेकींवर आपटतात, कडा फाटतात आणि आतला भाग शिजण्याआधी बाहेरचा विरघळतो. 15 मिनिटांनी सुरीचं टोक जाड भागात घालून बघा. ते सहज आत गेलं, पण फोड सुरीला चिकटून वर आली नाही, तर आच बंद करा. फोडी पाकातच गार होऊ द्या. याच वेळात मसाला त्यांच्या आतपर्यंत मुरतो. घाईने बाहेर काढलेल्या फोडीला चव फक्त वरवर असते.

पाक आटवायचा असेल तर फोडी आणि खडे मसाले काढूनच आटवा. लवंग आत राहिली तर पाक कडवट होतो. लवंगेतलं युजेनॉल हे सुगंधी द्रव्य फार जोरकस असतं, जास्त झालं की जीभ बधिर होते. चौथी लवंग घालण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

वेलचीची गोष्ट निराळी. तिचा सुवास पटकन उडून जातो, तेव्हा 4 वेलच्यांचे दाणे ठेचून आच बंद केल्यावर घाला आणि झाकण ठेवा. जायफळही शेवटी, ताजं किसून, चिमूटभर. दालचिनीची पूड पाकात कधीच घालू नका. ती गढूळ तर दिसतेच, शिवाय पाणी शोषून बुळबुळीत होते.

पूड वापरायची ती लोण्यात. मसाल्यांचा सुवास तेलात विरघळणारा असतो, त्यामुळे इथे अर्धा तास लागत नाही. 500 ग्रॅम प्लम अर्धे करून बिया काढा. रुंद तव्यात 1 मोठा चमचा लोणी वितळवा, पाव छोटा चमचा दालचिनीची पूड 15 सेकंद परता. जास्त परतली तर करपून कडू होते. लगेच फोडी कापलेली बाजू खाली ठेवून एकाच थरात लावा, 2 चमचे साखर आणि चिमूटभर मीठ भुरभुरवा आणि मोठ्या आचेवर 4-5 मिनिटं ठेवा. तवा गच्च भरला की फळाला पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतं. अशा वेळी दोन घाण्यांत करा.

ओव्हनमध्ये पीच भाजताना 200 अंशांवर 20-25 मिनिटं लागतात. तिथे पूड वर पसरली तर ती फळाआधी जळते, म्हणून दालचिनी आणि चक्रीफूल फळाच्या खाली, सुटणाऱ्या रसात ठेवा. कच्चं अननस दुधात घातलं की त्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) दूध कडू होतं. पूर्ण शिजवल्यावर तो त्रास राहत नाही.

उरलेली फळं पाकात बुडवून, काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये 4-5 दिवस राहतात. बरणी भरताना लवंगा आणि दालचिनी आठवणीने काढा. थंडीतही त्या उतरतच राहतात, आणि तिसऱ्या दिवशी नाशपातीची चव शोधावी लागते.